बाई इथे घाईत जातात

संस्थेचा निरोप आला तेव्हा बाई खुर्चीत पाय वर घेऊन वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. निरोप मोबाइलवर आलेला, पण भाषा अशी, की जणू कोणीतरी गेल्याचं कळवलंय. सुरुवातीलाच खेद, मग 'सद्यःस्थितीतील अनिश्चितता', आणि त्या अनिश्चिततेच्या मागे लपून बसलेली खरी बातमी: मुक्त शिक्षणाचा विभाग बंद होणार होता. संकेतस्थळावरचे सगळे पाठ महिनाअखेरीला काढून टाकणार होते. शेवटी बाईंच्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार.

"अहो, माझे पाठ काढणारेत," बाई म्हणाल्या.

यजमान खिडकीशी बसून जुन्या नकाशांना पुठ्ठे चिकटवत होते. जन्मभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून बोलायला लागले होते. "कुठून काढणारेत?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सरकार, संस्था, हवामान आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी या सगळ्यांवर आपलं मत सांगून टाकलं.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर संस्थेनं त्यांना बोलावलं. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली अशा मोठ्या माणसांना कामधंदा सांभाळून शालान्त परीक्षेला बसता यावं, म्हणून पाठ तयार करायचे होते. ते कोणीही, कुठेही, फुकट पाहू शकणार होतं. बाई दोन वर्षं खपल्या आणि शहाण्णव पाठ झाले. प्रत्येक पाठाखाली तो किती वेळा पाहिला गेला त्याचा आकडा यायचा. पहिल्या पाठाखाली दोनशे चौदा होते, शहाण्णवाव्याखाली नऊ. त्या नवातले चार वेळा त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि दोन वेळा धाकट्या बहिणीनं, तेही भांडण मिटवायला.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "कोण बघत होतं तसंही."

त्यांनी शब्दकोडं पुन्हा हातात घेतलं. उभा सात काही केल्या सुटेना. खरं तर डोळ्यांसमोर अक्षरंच दिसत नव्हती, पण ते यजमानांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी त्यावरही अर्धा तास घेतला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दोन माणसं उभी होती. चाळिशीची एक बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांची कातडी पाण्यानं सुरकुतलेली. तिच्या मागे सिटी बसच्या ड्रायव्हरचा गणवेश घातलेला एक उंच माणूस, टोपी काढून छातीशी धरलेली.

बाई काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आवाज तोच आहे का बघू. काहीतरी बोला ना."

"कोण हवंय तुम्हाला?"

"तोच आहे," ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि एकदम वाकून बाईंच्या पाया पडली. ड्रायव्हरही वाकायला गेला, पण दार अरुंद होतं, त्यामुळे त्याचं डोकं चौकटीवर आपटलं.

आत बसल्यावर सगळा उलगडा झाला. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करत होती. रोज हजारभर चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट धुऊन, वाळवून, घड्या घालून वर पाठवायचे. तेरा बायकांच्या पाळीची ती मुकादम. नाव कोणी घेत नसे, साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला मुकादमच म्हणत. ड्रायव्हर सात नंबरची बस चालवायचा, त्या बसचा शेवटचा थांबा इस्पितळाच्या फाटकाशी. दोघांचीही शाळा आठवीत सुटली होती. दोघंही येत्या शालान्त परीक्षेला बसणार होते, आणि दोघंही गणित शिकले होते ते बाईंकडून.

"पण पाहणारे तर दोनशे चौदाच दाखवतात," बाई म्हणाल्या.

"ते संकेतस्थळावरचे," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडे नेट कुठे धड असतं, बाई? आज आहे तर उद्या नाही. डेपोत जरा बरं येतं. तिथे मी एकदा पाठ उतरवून घेतो, मग मेमरी कार्डावर घालून वाटतो. डेपोतले वीस जण, धुलाईखान्यातल्या तेरा जणी, त्यांची घरची माणसं, माझ्या मेहुण्याच्या कारखान्यातली. साठ-सत्तर फोनवर तुम्ही आहात. एक उतरवतो, साठ बघतात. मोजणार कोण?"

यजमान नकाशा सोडून उठून आले होते. "साठ म्हणजे फार झाले," ते म्हणाले. "तुझ्या वर्गात पन्नासच असायचे."

 बाई आत जाऊन चहा ठेवून आल्या, आणि चहात साखर घातली की नाही ते त्यांना आठवेना, म्हणून पुन्हा घातली.

मुकादम मुद्द्यावर आली. बंद होण्याची बातमी त्यांनाही कळली होती, आणि बाईंचा पत्ता त्यांनी संस्थेतूनच मिळवला होता. सत्तराव्या पाठापर्यंतचे सगळे त्यांच्याकडे होते. पुढचे सव्वीस उतरवायचे राहिले होते, आणि संकेतस्थळ आता इतकं रडतखडत चालत होतं, की दिवसाला जेमतेम दोन पाठ उतरायचे. बाईंकडे मूळ प्रती असतील तर हव्या होत्या. बाईंकडे नव्हत्या. त्या संस्थेत ठेवलेल्या.

"बरं, मग आम्ही उतरवत राहू," मुकादम म्हणाली. तिनं पिशवीतून एक वही काढली. "आणि हे तुमच्यासाठी. आम्ही पाठ बघताना जिथे अडलो, जिथे चूक वाटली, ते लिहून ठेवलंय. एकेचाळीस जागा आहेत."

"चूक?" बाई म्हणाल्या.

"वाटली," ड्रायव्हरनं घाईघाईनं दुरुस्ती केली.

बाईंनी वही बाजूला ठेवली आणि हसून म्हणाल्या, "एखादा पाठ लावा बघू तुमच्या फोनवर. बघू तरी कशी दिसते मी."

मुकादमनं बारावा पाठ लावला. अपूर्णांकांचा भागाकार. बाई फळ्यासमोर उभ्या होत्या, केस आतापेक्षा काळे. "भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, आणि तिथे चित्र थांबलं. मग एक दुसराच आवाज आला. मुकादमचा.

"बाई इथे घाईत जातात," तो आवाज म्हणाला. "आपण थांबू. उलटा का करायचा ते बघू. ही चादर घ्या." पडद्यावर एक चादर आली, दोन हात आले, आणि चादरीच्या घड्या पडायला लागल्या.

 ड्रायव्हर टोपीच्या आत बघत होता.

"हे किती पाठांत केलंय?" बाईंनी विचारलं.

"बावीस," मुकादम म्हणाली. "जिथे आमच्या बायका अडल्या तिथेच फक्त."

"छान," बाई म्हणाल्या, आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या. पाहुणे उठले, चपला घातल्या, निघाले. दार लावताना बाईंचा हात जरा जोरातच लागला.

"एकतीस वर्षं," त्या यजमानांना म्हणाल्या. "एकतीस वर्षं शिकवलंय मी. माझं बोलणं मध्येच तोडून घड्या घालतात म्हणजे काय? विचारलं होतं का मला?"

यजमानांनी कपाट उघडून एक कागद काढला आणि चष्मा लावला. "'हे पाठ कोणीही वापरावेत,'" त्यांनी वाचलं, "'त्यांच्या प्रती काढाव्यात, त्यात आपल्या गरजेनुसार बदल करावेत आणि ते पुढे द्यावेत. मूळ कर्त्याचं नाव तेवढं ठेवावं.' खाली तुझी सही आहे. सही केलीस तेव्हा घरी येऊन मला दोनदा वाचून दाखवलं होतंस. ज्ञान कसं मोकळं असावं यावर मग तू बोलत होतीस आणि मी ऐकत होतो. माझ्या आयुष्यात असं एकदाच झालंय, म्हणून लक्षात आहे."

"बदल करावेत म्हणजे असे?"

"मग कसे? तुला विचारून, तुला आवडतील तेवढेच?"

बाई वही घेऊन टेबलाशी बसल्या. लाल पेन काढलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस शंका कशा पोकळ आहेत ते लिहून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या सात खरोखरच पोकळ निघाल्या, आणि बाईंना बरं वाटलं. आठव्या शंकेच्या जागी मात्र त्यांच्याकडून फळ्यावर वजाचं चिन्ह लिहायचं राहून गेलं होतं. बरं, ते कोणाकडूनही होतं. अकराव्या जागी आकृतीतले कोन जुळत नव्हते. एकोणिसावी ड्रायव्हरच्या हातची होती, अक्षर मोठं आणि उजवीकडे झुकलेलं.

'पाठ चौतीस. बस ताशी चाळीसनं जाते, त्याच रस्त्यानं ताशी साठनं परत येते. बाई म्हणतात सरासरी वेग पन्नास. मी रोज हेच करतो. पन्नास येत नाही. एकशेवीस किलोमीटरचा रस्ता धरला तर जायला तीन तास, यायला दोन. पाच तासांत दोनशे चाळीस. म्हणजे अठ्ठेचाळीस. बाई चुकणार नाहीत, माझंच काही चुकत असेल, पण कुठे ते सापडत नाही.'

बाईंचे कान तापले. त्या पाठाच्या वेळी वीज जायची भीती होती, संपादकानं मधला तुकडा कापला असेल, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं. त्यांनी माळ्यावरून टिपणांची जुनी वही काढायला लावली. यजमान शिडीवर चढले, धुळीत शिंकले आणि वही घेऊन उतरले. चौतिसाव्या पाठाच्या पानावर त्यांच्याच रेखीव अक्षरात लिहिलं होतं: सरासरी पन्नास. खाली दोन रेघा.

पाचवीच्या मुलांनाही त्या सांगत आल्या होत्या, की वेगांची अशी सरासरी काढायची नसते. आणि स्वतः मात्र काढून बसल्या होत्या. सहा वर्षं त्या चुकीकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. संस्थेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं तो पाठ तपासून शिक्का मारला होता. ती सापडली एका बस ड्रायव्हरला, आणि त्यानं चूक स्वतःची धरली.

त्यांनी फोनवर बारावा पाठ शोधला. संकेतस्थळावरचा मूळ पाठ, चादर नसलेला. उलटा करा आणि गुणा. का, ते कुठेच नव्हतं. एकतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं असं नाही. पाठीमागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारायची, आणि बाई म्हणायच्या, सध्या एवढं लक्षात ठेव, पुढे कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सात नंबरच्या बसनं धुलाईखान्यात गेल्या. बस तोच ड्रायव्हर चालवत होता. आरशात बाई दिसल्या तसा तो इतका सरळ बसला, की दोन थांबे कोणाशी बोललाच नाही.

"अठ्ठेचाळीस," उतरताना बाई म्हणाल्या.

"काय?"

"अठ्ठेचाळीसच. माझं चुकलं होतं. तुमचं बरोबर आहे."

ड्रायव्हरनं मान डोलावली. मग बस पूर्ण रिकामी झाली तरी तो स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच हसत बसून राहिला, असं नंतर कंडक्टर सगळ्यांना सांगत होता.

धुलाईखाना तळघरात होता. दोन माणसं आत मावतील एवढाली धुलाईयंत्रं रांगेनं घुमत होती, वाफेनं भिंती ओल्या झाल्या होत्या, आणि चाकांच्या गाड्यांवर चादरींचे ढीग छतापर्यंत गेले होते. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास वर्गाचा. तेरा जणी घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती डबे उघडून बसल्या होत्या. मुकादम टेबलाच्या टोकाशी उभी होती, हातात चादर.

"ही एक. दुमडली, अर्धी. परत दुमडली, पाव. परत, आठवा भाग. आता मला सांगा, पाऊण चादरीत आठवे भाग किती बसतील? उलटं-सुलटं काही करू नका, घड्या मोजा."

"सहा," एक तोंडात घास असताना म्हणाली.

"झाला भागाकार. पाऊण भागिले एक अष्टमांश, सहा. आता बाईंच्या पद्धतीनं करा. आठावर एक उलटून आठ. तीन गुणिले आठ, चोवीस, भागिले चार. किती?"

"सहाच," चार-पाच आवाज आले.

"म्हणजे बाई बरोबर आहेत," मुकादम म्हणाली. "घाईत असतात एवढंच." मग तिचं लक्ष दाराकडे गेलं आणि तिच्या हातातून चादर सुटली.

बाई पुढे आल्या, चादर उचलली आणि टेबलावर ठेवली. "मला एक जागा द्या बसायला," त्या म्हणाल्या. "आणि पुढे चालू दे. गुणाकार कसा दाखवतेस ते बघायचंय."

त्या दिवसापासून सगळे मिळून कामाला लागले. महिना संपायला बारा दिवस होते. ड्रायव्हर पाळी संपली की डेपोत बसून पाठ उतरवायचा. बाईंनी संस्थेत फोन लावला. विभागात आता एकच माणूस उरला होता, आणि तोही आपलं टेबल आवरत होता.

"मला लेखी परवानगी हवी का या पाठांच्या प्रती काढायला?" बाईंनी विचारलं.

"बाई, परवानगी तुम्हीच तर दिलीय सगळ्यांना," तो म्हणाला. "मला लोक रोज विचारतात, परवानगी कोणाची घ्यायची. कोणाचीच नाही, असं सांगितलं की घाबरतात. मूळ प्रती मात्र माझ्या हातात नाहीत, त्या कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. महिनाअखेरीच्या आत जमतील तेवढे उतरवून घ्या."

पण महिनाअखेर आलीच नाही. म्हणजे तारीख आली, संकेतस्थळ त्याआधीच गेलं. शहरात कुठेतरी काहीतरी झालं. काय झालं ते जो तो वेगळं सांगत होता, पण चार दिवस नेट बंद राहिलं आणि निम्मी दुकानं दोन वाजता मिटायला लागली. पाचव्या दिवशी नेट आलं तेव्हा संकेतस्थळाच्या जागी एक कोरं पान होतं, त्यावर आभाराची एक ओळ.

अठ्ठ्याऐंशी पाठ हाती लागले होते. शेवटचे आठ गेले. ते आठ संभाव्यतेचे होते, आणि परीक्षेत त्यावर चौदा गुण असायचे.

धुलाईखान्यात सगळ्या घड्यांच्या टेबलाभोवती जमल्या. मुकादमला त्या चौदा गुणांची फार गरज होती. यंत्रविभागात पर्यवेक्षकाची जागा निघाली होती आणि त्यासाठी शालान्त प्रमाणपत्र लागत होतं. अठरा वर्षं ती हीच यंत्रं चालवत होती. कुठलं यंत्र कधी रुसणार ते तिला आवाजावरून कळायचं, पण कागद नव्हता.

"टिपणं आहेत माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "परत करू."

"कुठे करणार? संस्थेचा स्टुडिओ तर बंद."

"इथेच."

चादरींच्या कोठारात आवाज घुमत नव्हता. चारी बाजूंनी सुती कापडाचे ढीग, यंत्रांची घरघरही आत पोचत नव्हती. ड्रायव्हरनं फोन एका गाडीच्या दांड्याला बांधला. यजमानांनी पुठ्ठ्याचा फळा करून आणला, कोपरे काटकोनात आहेत का ते स्वतः मोजून. बाईंनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

"एक नाणं उडवलं तर..."

"नाणं कशाला?" मुकादम म्हणाली. तिनं मध्ये बोलायचं असं ठरलंच होतं. बाईंनीच ठरवलं होतं. तरी पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर आठी आली आणि ती चित्रात नीट दिसते. पुढे किती तरी जणांनी तेवढाच तुकडा एकमेकांना पाठवला.

तिसऱ्या पाठाला खरी मजा आली. दोन घटना एकदम घडण्याची संभाव्यता. बाईंनी या वेळी नाणी-फासे सोडून धुलाईयंत्रं घेतली होती. एक यंत्र एखाद्या दिवशी बंद पडण्याची संभाव्यता एक दशांश. दुसऱ्याचीही तेवढीच. दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची? गुणाकार करायचा. एक शतांश. शंभर दिवसांत एकदा.

"नाही," मुकादम म्हणाली.

"गुणाकार बरोबर आहे."

"गुणाकार असेल बरोबर. यंत्रं तशी वागत नाहीत. एक बंद पडलं की त्याचे कपडे दुसऱ्यात कोंबतात. मग तेही बसतं. आमच्याकडे शंभर दिवसांत एकदा नाही, पाच-सहा वेळा दोन्ही बसतात."

 बाईंनी खडू खाली ठेवला. "हे बंद करू नकोस," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "चालू ठेव. मुकादम, परत सांग. सावकाश सांग."

एका घटनेचा दुसरीवर परिणाम होत नसेल तरच गुणाकार चालतो. हे वाक्य बाईंनी आयुष्यभर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं आणि मुलांनी ते तिथून वहीत उतरवून घेतलं होतं. आज पहिल्यांदा ते कोणीतरी स्वतःच्या कामावरून सांगत होतं. बाई विचारत गेल्या, मुकादम सांगत गेली, आणि पाठ ठरल्याच्या दुप्पट लांबला.

"म्हणजे पाठांचंही तेच झालं," ड्रायव्हर फोनमागून म्हणाला. "सगळे एकाच ठिकाणी ठेवलेले. ते बसलं, सगळे बसले. आता साठ फोनवर ठेवले की एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. साठच्या साठ एकाच दिवशी हरवायला कोणाचं तरी नशीब फारच फुटलेलं पाहिजे."

"हे उदाहरण घ्या पाठात," यजमान दारातून म्हणाले. आणि ते घेतलं.

आठ पाठ नऊ दिवसांत झाले. अठ्ठ्याऐंशी अधिक आठ, सगळे कार्डांवर घालून बस सुटेल तिकडे गेले. चौतिसावा पाठ बाईंनी नव्यानं केला आणि त्यात ड्रायव्हरला सोबत घेतलं. पन्नास कसं चुकतं ते त्यानंच सांगावं, असा त्यांचा हट्ट होता. तो तीनदा अडखळला, चौथ्यांदा नीट बोलला, आणि घरी बायकोला दाखवायला फोन घेऊन पळाला.

परीक्षा दोनदा पुढे गेली. एकदा कारण सांगितलं, एकदा तेही सांगितलं नाही. मुक्त शाळेची परीक्षा पुढच्या वर्षी होईल की नाही, झाली तर कोण घेईल, प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिघी-चौघींनी नाद सोडला, मुकादमनं त्यांना घरी जाऊन परत ओढून आणलं. "परीक्षा होवो न होवो," ती म्हणाली, "मला आता तो भागाकार येतो, तो काही कोणी काढून घेणार नाही. पण झालीच परीक्षा, तर आपण तयार नाही असं नको."

झाली एकदाची. निकालही लागला. तेरापैकी नऊ जणी पास झाल्या. मुकादमला गणितात एकाहत्तर. तिनं गुणपत्रिका बाईंच्या हातात ठेवली आणि बाईंनी ती इतका वेळ वाचली, की मुकादमलाच अवघडल्यासारखं झालं. यंत्रविभागातली जागा तिला लगेच मिळाली नाही. प्रमाणपत्र खरं आहे का ते तपासायला साहेबांनी दीड महिना घेतला, कारण ज्या कार्यालयातून तपासायचं ते कार्यालयच हललं होतं. दीड महिन्यानंतर मिळाली.

ड्रायव्हरला गणितात अठ्ठ्याऐंशी मिळाले आणि भाषेत तो नापास झाला.

"निबंध दीड पानाचा हवा होता," तो बाईंच्या घरी खुर्चीत बसून सांगत होता. "'माझा आवडता प्रवास.' मी चार ओळींत सगळं सांगून टाकलं. गाडी निघाली, वेळेवर पोचली, कोणी पडलं नाही. अजून काय लिहायचं?"

यजमान नकाशा खाली ठेवून पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत असं तेज बाईंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "खिडकीबाहेर काय होतं?" त्यांनी विचारलं. "बसमध्ये कोण होतं? पुलावर वळताना पोटात काय होतं? बसा, सांगतो."

त्याच आठवड्यात बाईंच्या फोनवर अनोळखी निरोप आला. खूप लांबच्या एका बंदरातून, होड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातून. तिथल्या बायकांना एक्याण्णवावा पाठ कुठून तरी मिळाला होता. धुलाईयंत्रांऐवजी त्यांनी होडीची दोन इंजिनं घातली होती आणि सगळा पाठ त्यांच्या बोलीत केला होता. चालेल ना, असं विचारलं होतं. सोबत पाठ जोडला होता. बाईंना त्या बोलीतलं निम्मंच कळलं, पण गणित सगळं कळलं. त्यांनी तो दोनदा ऐकला, एका जागी दशांशाचं टिंब चुकलं होतं ते कळवलं, आणि खाली लिहिलं: 'विचारायची गरज नव्हती. विचारलंत म्हणून बरं वाटलं. इंजिनं छान घातलीत. तुमचे इतर पाठ असतील तर आम्हाला पाठवा.'

पुढच्या महिन्यात एका दुपारी चादरींच्या कोठारात भाषेचा पहिला पाठ सुरू झाला. फोनसमोर यजमान बसले होते, शेजारी ड्रायव्हर. ड्रायव्हरचं काम एकच, यजमानांना मध्ये मध्ये थांबवायचं. संस्थेतून मोकळा झालेला तो माणूस आता दर शनिवारी यायचा. तो जुन्या पाठांच्या यादीतून रसायनाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांचे पत्ते शोधत एका कोपऱ्यात बसला होता. बाहेर टेबलावर नव्या सात जणी वह्या उघडून वाट बघत होत्या, त्यात वरच्या मजल्यावरच्या दोन परिचारिकाही.

बाईंनी दारातून आत डोकावून "जरा मोठ्यानं बोला" असं म्हटलं, तर तिघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. चित्रीकरण चालू होतं. बाईंनी दार हळूच ओढून घेतलं. मुकादमनं गाडीवरून एक चादर ओढली आणि तिची दोन टोकं बाईंच्या हातात दिली.

"धरा," ती म्हणाली. "आत तास तरी लागेल."

"दोन लागतील," बाई म्हणाल्या, आणि दोघी घड्या घालायला लागल्या.